आजीचं कपाट उक्तं घेतलं तेव्हा

बहारीनमधलं कुणी जुनं माणूस भेटलं की आजही मला ऐकवतं, "तुम्ही त्या म्हातारीचे मरणाचे कपडे विकलेत." हो, विकले. पण ते माझ्या दुकानात आणून टाकले कुणी, हे कुणी विचारत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

नव्वदच्या दशकात उम्म अल हस्सम या वस्तीत आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट होते. एकात मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. समोर एक बहारीनी इंजिनियर. तो शिकायला युक्रेनला गेला आणि तिथली बायको करून आला. पुढे तिकडचा देश मोडला, त्याच्या सासूच्या पेन्शनमध्ये पावही मिळेना, तेव्हा तीही इकडे आली. तिला आम्ही आजी म्हणायचो.

मी आलो होतो एसी मेकॅनिकच्या हेल्परचा व्हिसा घेऊन. सहा वर्षांत जुन्या फर्निचरचं दुकान टाकलं, कुणाच्या बापाच्या मदतीशिवाय. देश सोडून जाणाऱ्यांचं सामान मी उक्तं घ्यायचो. उक्तं म्हणजे सगळ्याचा मिळून एकच भाव, आणि कपाटात जे असेल ते कपाटाबरोबर. मागाहून कुणी विसरलेली वस्तू मागायला आलं तर मिळणार नाही. हे मी सौद्याआधीच तोंडावर सांगायचो.

आजीची आणि माझी ओळख दुकानातच झाली. तिला कपाट हवं होतं. मी चाळीस दिनार म्हणालो, ती दहा म्हणाली, आणि माझ्याच खुर्चीवर बसून खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया फोडू लागली. टरफलं रुमालात, नजर माझ्यावर. थोडं बाजारातलं अरबी, थोडं मोडकं इंग्रजी, बाकी बोटं, एवढ्यावर दोन तास चाललं. शेवटी अठराला दिलं, वर घरपोच. जिना चढताना म्हणाली, "सदीक, घाई करायची नाही. घाई दिसली की भाव चढतो." सदीक म्हणजे मित्र. मला धंदा शिकवायची हिंमत दुसऱ्या कुणाची नव्हती.

दुपारी मुलगी तिच्याकडे असायची. तिची नातवंडं तिला बाबा म्हणत, त्यांच्या भाषेत आजीला तसंच म्हणतात. माझी मुलगीही म्हणू लागली. मला पप्पा आणि तिला बाबा! आठ दिवस मी घुश्शात होतो. बायकोचं आणि तिचं जमलं शेपूवरून. मी शेपूच्या वासानेच पळायचो, ही बाई काकडीच्या बरण्यांत, सूपमध्ये, उकडलेल्या बटाट्यावर शेपू घालायची. बायको बाजारातून दोन जुड्या आणायची, एक तिची.

एकदा तिने आम्हा दोघांना कपाटाचा खालचा खण उघडून दाखवला. पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं. आत लांब पांढरा झगा, बाह्यांवर तांबडं-काळं भरतकाम, तिने लग्नाआधी केलेलं. दोन्ही टोकांना तसंच भरलेलं लांब कापड, डोक्याचा रुमाल, आणि काळ्या कापडी सपाता, तळवे कोरे.

"हे मी मेल्यावर घालायचं," ती म्हणाली. "आमच्या गावात प्रत्येक म्हातारीचं असतं. माझ्या आईचं होतं. मुलीला काही शोधावं लागत नाही." आणि डांबरगोळ्या बदलून, खुशीत, पुन्हा गाठ मारली.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं.

पुढच्या उन्हाळ्यात ती जिन्यात पडली. खुबा मोडला. ती हॉस्पिटलमध्ये असताना जावयाने मला बोलावलं. तिची खोली त्याला पाहुण्यांच्या बैठकीसाठी हवी होती.

"हे सगळं उचल," तो म्हणाला.

"आजी?"

"ती आता परत येत नाही. डॉक्टरांशी बोललोय. खलास."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी भाव सांगितला. तो हसला. "कबाडीच तू, कबाड्याचाच भाव सांगणार." मग माझ्या मुलीसमोर, आमच्या उघड्या दारासमोर, जिन्यातून ओरडला, "यल्ला, उचल, भिकारी!" मी त्याने मागितला तो भाव दिला. कपाट खाली उतरवलं.

दुकानात खण उघडला. गाठोडं. मी ते गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलं, घरी न्यायला. दोन दिवस तिथेच राहिलं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एक बाई आल्या, नवरा बँकेत. त्यांची नजर फळीवर गेली. "अय्या, काय सुंदर काम आहे! हे विकायचंय का?" मला तो जिन्यातला आवाज आठवला. त्याच्या घरातली वस्तू, त्यानेच उक्ती दिलेली. जाऊ दे गेली तर. मी भाव सांगितला, विकलेला माल परत नाही म्हणालो, बाईंनी पैसे दिले.

चौथ्या आठवड्यात आजी परत आली. वॉकर धरून, निम्मी झालेली. तिला हॉलमधल्या सोफ्यावर टाकली होती. तिने जावयाला विचारलं, मुलीला विचारलं, मग वॉकर ठोकत आमच्या दारात आली.

"सदीक. माझं कुठे आहे?"

मी सांगितलं. आजी रडली नाही. खुर्ची ओढून बसली. "कुणाकडे? जा. परत आण. पण घाई दाखवू नकोस."

मी त्याच संध्याकाळी गेलो. बाईंनी दार उघडलं, चहासुद्धा विचारला. त्या भरतकामाची सोफ्यासाठी कव्हरं शिवून घ्यायची होती त्यांना.

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, विकलेला माल परत नाही?"

"ती एका आजारी म्हातारीची वस्तू आहे."

"मग विकायच्या आधी नाही का आठवली म्हातारी?" बाई गोड हसल्या. "द्यायचंच म्हटलं तर तिप्पट."

माझं डोकं फिरलं. "तिप्पट? शिवा तुमची कव्हरं!" म्हणून मी जिना उतरलो. उतरताना मात्र हिशेब पक्का होता. शिंप्याकडे टाकायला बाईंना वेळ नव्हता, घरी सुट्टीचे पाहुणे यायचे होते, हे त्यांच्याच बोलण्यात आलं होतं. आठ दिवस तोंड दाखवायचं नाही. फोन त्याच करतील.

आजीला सांगितलं. तिने मान हलवली. "चांगलं केलंस."

रोज सकाळी मी दुकानाला निघालो की समोरचं दार किलकिलं व्हायचं. ती तळहात पसरायची. मी म्हणायचो, "मफी, आज नाही. उद्या, इंशाल्ला." ती दार लोटायची. दोघांनाही खेळ कळत होता.

पाचव्या दिवशी तिने तळहात पसरला नाही. दोन्ही हात वॉकरवर होते, ओठ निळसर. "खलास, सदीक. पैसे देऊन टाक. मी देते तुला."

"आजी, तीन दिवस. बाई उतरणार बघा."

"दे."

"तुम्हीच शिकवलंत ना, घाई करायची नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या पहिल्या दिवशी दुकानात भाव ऐकून पाहिलं होतं. मग दार लोटलं. आमच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, द्या ना तिप्पट. माझी बांगडी विका." मी तिच्यावरच ओरडलो. पैसे नव्हते असं नाही. त्या बाईपुढे वाकायचं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी आजी गेली. तिच्या मुलीने मॉलमधून पांढरा ड्रेस आणला. ख्रिश्चन दफनभूमीत माणसं मोजून सात, जावई गाडीतच बसून होता. ड्रेसच्या काखेत किमतीचा टॅग कापून उरलेला प्लॅस्टिकचा दोरा होता. बायकोने तो दाताने तोडला.

आठव्या दिवशी फोन आला. "घेऊन जा बाई तुमचं ते गाठोडं. मूळ भावच द्या, तिप्पट नको." मी गेलो. सपाता नव्हत्या, त्यांनी कामवालीला देऊन टाकल्या होत्या. मी सपातांचे पैसे कापूनच दिले.

महिन्याने आजीची मुलगी दारात आली. डोळे सुजलेले. "आईचं ते भरतकाम तुमच्याकडे आहे म्हणे. माझे मिस्टर फ्रेम करून बैठकीत लावू म्हणतात."

"तुमच्या मिस्टरांनी ते उक्तं विकलंय."

"मी पैसे देते."

"विकायचं नाही."

ती उभी राहिली. मी दार लावलं. दाराला कान लावून ऐकलं, ती बराच वेळ तिथेच होती. तिला द्यायला हवं होतं, हे मला दार लावतानाही कळत होतं. बायको तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

गाठोडं आता नाशिकला माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात. दर उन्हाळ्यात मी डांबरगोळ्या बदलतो. मुलगी मागे आली होती तेव्हा तिला सांगून ठेवलं, मी गेल्यावर हे कपाट उक्तं देऊ नकोस, आधी खण बघ.

"ओके, पप्पा," ती म्हणाली, मोबाइलमधून मान वर न करता.