खाडी इस्त्रीला

आमच्या दिवाळ्याची खाडी मी एकदा इस्त्रीला पाठवली होती.

तसा मी निरुपद्रवी माणूस. दिवाळे गावात आत्याच्या घरी वाढलो, आता नेरूळला सोसायटीत राहतो, कारकुनी करतो. पण मध्यंतरी मला विलायतेच्या रेडिओवरच्या एका जुन्या विनोदी मालिकेचं वेड लागलं. तिच्यात कशाचा कशाला पत्ता नसतो. एक गृहस्थ घराचा जिना काखोटीला मारून कामावर जातो. एका भागात तर समुद्र हरवतो आणि पोलीस तो कपाटात शोधतात! कानात इअरफोन घालून मी बसमध्ये एकटाच खदाखदा हसायचो. शेजारचा माणूस हळूच उठून उभा राहायचा. (पिशवी ठेवायला जागा व्हायची, हा फायदा.) बायको म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या."

त्याऐवजी मी मराठीत तसलाच कार्यक्रम करायचं ठरवलं. रविवारी सकाळी बाथरूममध्ये उभं राहून (तिथे आवाज घुमतो) अस्सल सरकारी सुरात पहिलं निवेदन रेकॉर्ड केलं: "दिवाळे येथील खाडी धुलाई व इस्त्रीसाठी पाठवण्यात येत आहे. गुरुवारी परत मिळेल. तोवर कोणीही होडी पाण्यात ठेवू नये." आणि ऑफिसातल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. म्हणजे, मला तसं वाटलं. ते गेलं गावच्या होडीवाल्यांच्या ग्रुपवर. त्यात मी आहे, कारण त्यांचे अर्ज मीच लिहितो आणि साहेब लोक काय म्हणाले तेही मीच कळवतो.

दिवसभर कोणी हसलं नाही. माझ्या विनोदाला हे नेहमीचंच, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

सोमवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"बाला, कालच्या भरतीला नवाच्या नव होऱ्या वर घेतल्या."

"कशाला?"

"तूच बोललास ना? खारीला इस्तरी मारतान. आमी इचारलं, इस्तरी म्हनजे काय? तं रवी बोलला, आये, गाल काडून सपाट करतील."

गाल म्हणजे खाडीतला गाळ, आणि रवी म्हणजे आत्याचा मुलगा. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "सात अर्ज केले रं आपन. गाल काडा, गाल काडा. शेवटी ऐकलं बग कुनी तरी." याच आत्यानं होडीच्या जोरावर मला शिकवलं. "हो, ऐकलं," असं म्हणून मी फोन ठेवला. असा भित्रा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

मग डोक्यात उजेड पडला. होड्या ओढल्या होत्या पौर्णिमेच्या उधाणाला, म्हणजे पार वर. आजची दुपारची भरती गेली, की पाणी तिथवर पोचणार ते थेट अमावास्येला! नऊ घरांचा धंदा पंधरा दिवस बंद, आणि कारण काय, तर माझी प्रतिभा. साहेबांना पोट दुखतंय सांगितलं (तोवर खरंच दुखायला लागलं होतं) आणि रिक्षा करून बंदर गाठलं.

आत्या होडीला टेकून उभी होती.

"आत्ये, ती गंमत होती."

"कसली?"

"विलायतेत रेडिओवर एक कार्यक्रम असतो. त्यात समुद्र हरवतो."

आत्याचा चेहरा पडला. "तेंच्या पन समिंदरात भराव टाकला?"

"नाही गं. खोटंच. हसायला."

"समिंदर गेला, त्यात हसायचं काय रं?"

आमची सोसायटी त्यांच्याच खाडीत भराव टाकून उभी आहे.

"पण इस्त्री म्हटल्यावर तरी शंका यायला हवी होती," मी रवीकडे वळून म्हणालो.

"सरकारच्या मागच्या कागदात आपला बंदर बगीचा हाय असं लिवलेलं," रवी शांतपणे म्हणाला. "तेच्यापेक्षा हे बरं वाटलं."

"म्हंजी गाल नाय काडत," आत्या म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं पाण्याचा अंदाज घेतला आणि पदर खोचला. "पँट वर कर. पानी हाय तवर सगल्या होऱ्या खाली न्यायच्या. पयला हात तुजा."

आठ होड्या ढकलल्या. नववी आत्याची. मी सगळा जीव एकवटून रेटा दिला, होडी सुर्रकन पाण्यात गेली आणि मी ऑफिसच्या पांढऱ्या शर्टासकट पालथा गाळात.

सगळं बंदर हसलं. आत्या तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला बखोटीला धरून उठवत म्हणाली, "असं काय तरी कर ना रेडिओत. हे कसं लगेच समजतं."

तेव्हापासून लोक विचारतात, तुमच्या विनोदाची पातळी काय? मी सांगतो, भरतीला गुडघाभर, ओहोटीला नुसता गाळ.