येते हं

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी शेजारच्यांची भांडणंही सांगते.

हेब्बाळजवळच्या एका शाळेची मी मुख्याध्यापिका. पाण्याचा टँकर, बसचे मार्ग, गळका नळ, तणतणत आलेले पालक — सगळं मीच बघायचे. मॅडम नसतील तर शाळा बंद पडेल, असं लोक म्हणायचे. आवडायचं मला ते. का आवडायचं, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

मृणाल नागपूरहून आलेली, पाचवीला गणित शिकवणारी. एकदा माझ्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, माझा तास एकदा बघा ना. अपूर्णांक पोरांच्या डोक्यात शिरतच नाहीयेत. माझंच काहीतरी चुकतंय."

मी पर्स उचलली. "टँकर आलाय गं. येते हं."

आता 'येते' म्हणजे काय? आपल्याकडे निघतानाही माणूस तेच म्हणतो. मी निघाले होते. तिला वाटलं, मी येणार. तिने वर्गात मागे एक खुर्ची मांडली. मुलांना तिच्यावर दप्तरही ठेवू देत नसे. जाता-येता मला खिडकीतून ती रिकामी खुर्ची दिसायची — आणि तरी ती विचारायला आली की मी तेच म्हणायचे.

टँकर खरंच आलेला असायचा का? फार क्वचित.

मग संस्थेने बसवराजअण्णांना नेमलं. निपाणीकडचे गृहस्थ. टँकर, बस, नळ त्यांच्याकडे. मी फक्त शिकवण्याकडे लक्ष द्यायचं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी काय केलं असेल? संस्थेत जाऊन सांगितलं, यांना जमत नाही. त्यांना उत्तम जमत होतं. त्यांच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते मी. कुणी माझं ऐकलं नाही, एवढंच.

कारण — सांगूनच टाकते — मला वर्गाची भीती वाटायची. मी चांगली शिक्षिका कधीच नव्हते. अपूर्णांक मी मुलांकडून पाठ करून घेतले होते. मृणालने 'काय चुकलं?' विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

परवा ती पुन्हा आली. सवयीने माझ्या तोंडून "टँकर—" निघालं, तोच मागून अण्णा म्हणाले, "टँकर कवाच रिकामा होऊन गेला की, अक्का. तुम्ही जावा वर."

गेले. त्या खुर्चीत बसले. मृणाल प्रश्न विचारायची आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन मोकळी व्हायची. मला एवढंच दिसलं; तेवढंच सांगितलं. काल ती प्रश्न विचारून गप्प राहिली. मग मागून एका मुलीने हात वर केला — चार दोनपेक्षा मोठे, तर पाव अर्ध्याहून लहान कसा? इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारूच दिला नव्हता.

अण्णांना आज सगळं सांगणार आहे. ते काय म्हणायचं ते म्हणोत.

निघताना 'जाते' म्हणू नये, अशुभ असतं, असं आई सांगायची. काल वर्गातून उठताना मी 'येते' म्हटलं, आणि आज पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले आहे.