यानातली पाहुण्याची बाज

आकाशात उडणाऱ्या घराच्या नकाशात खुर्ची कशी काढावी, यावर ज्याचं मत घ्यावं असा अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू असावा हे माझं नशीब. चांगलं की वाईट, ते लग्नाला तीस वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही. साडू परतूरला राहतात. सरकारी खात्यात ट्रेसर होते. म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून काढायचा. कालवे, क्वार्टरं, विश्रामगृहं असं सगळं त्यांच्या हातून उतरलं. रेघ अशी की शेजारी केस ठेवला तर केस जाड वाटावा. पण खाली सही साहेबाची. उभ्या नोकरीत एकाही कागदावर यांचं पूर्ण नाव आलं नाही, आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त एखादी इमारत दिसली की बसच्या खिडकीतून बोट करून म्हणायचे, "हे आपलंच." एवढंच.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, शेती बघतात, सुनेला छळतात. यांना मोबाइलवर एक भलताच गोतावळा सापडला. देशोदेशीची माणसं, आणि धंदा काय, तर अंतराळयानांचे आराखडे काढणं. नसलेल्या यानांचे, बरं का! ज्यांत कधी एक खिळासुद्धा ठोकला जाणार नाही अशा यानांचे. कुणी त्यावर गोष्ट लिहितो, कुणी खेळ खेळतो. दुसरा कोणी असता तर इंजिन बघितलं असतं. साडूंनी फर्निचर बघितलं आणि आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. आमच्याकडे भोकरदनला आले ते तणतणतच. "पाव्हणं, काय गोंधळ घालून ठेवलाय ह्या लोकायनं! एकाच्या नकाशात जो पलंग तो दुसऱ्याच्यात टेबल. एका गड्याचं यान दुसऱ्यानं वाचलं, तं चाळीस माणसं जेवणाच्या टेबलावर झोपून राह्यलीत!" मी म्हटलं, "नसलेली माणसं, नसलेल्या टेबलावर. झोपू द्या की." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातलं भजं ताटात ठेवलं.

या रागाला कारण आहे. नोकरीत असताना त्यांनी एका क्वार्टरच्या नकाशात धुण्याचा दगड म्हणून चौकोन काढला होता. गवंड्याला तो स्वयंपाकाचा ओटा वाटला, आणि त्यानं न्हाणीघरात ओटा बांधून दिला. तिथं राहायला आलेल्या कारकुनाची बायको भाविक. न्हाणीत ओटा आहे म्हणजे खाली कुणा देवाचं ठाणं असणार, म्हणून ती रोज त्याला हळदकुंकू वाहायची. साडूंना हे कळलं तेव्हापासून त्यांनी एक नियमच करून टाकला : एका वस्तूला एक चिन्ह, एका चिन्हाला एक वस्तू. कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी खिशातून मोजायचा टेप निघतो. आमचं घर त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे उतरवलं आणि निकाल दिला, "तुमच्या घरात स्टूल न्हाई, पाव्हणं. तुम्ही ज्याला स्टूल म्हणता ती पाठ मोडलेली खुर्ची आहे. चिन्ह खुर्चीचंच लागंल." त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, आम्ही तिला अक्का म्हणतो, एकदा चिडून विचारलं, "अन् मला कोणतं चिन्ह देलंय?" साडू शांतपणे म्हणाले, "माणसाला चिन्ह नसतं. माणूस हलतो."

तर या गोतावळ्यासाठी त्यांनी चिन्हांचा तक्ता करायला घेतला. मी थट्टा करायचो खरा, पण ऐकत बसायचो, कारण असले प्रश्न आमच्या भोकरदनच्या बाजारात कुणाला पडत नाहीत. जिथं वर-खाली असं काही नाहीच, तिथं भिंतीला टांगलेला पलंग हा पलंग का फळी? आठ दिवस विचार करून ठरलं : ज्यावर माणूस झोपतो तो पलंग, मग तो छताला का असेना. जमिनीला घट्ट स्क्रूनं बसवलेली खुर्ची आणि सुटी खुर्ची यांना चिन्ह एकच, पण स्क्रूवालीच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके. मी एकदा बोलून गेलो, "वजन नसेल तर बसायचं कशाला?" साडू म्हणाले, "बसणं काय वजनासाठी असतं का? गप्पा मारायला बसतो माणूस." असं करत करत चौसष्ट चिन्हं झाली.

पासष्टावं चिन्ह वडीगोद्रीला सापडलं. अंबडकडे एका कार्याला जाताना आम्ही हमरस्त्यावर चहाला थांबलो आणि यांनी टेबलावर यानाचा मोठा आराखडा पसरला. झालं! रस्त्याच्या कडेला टेप आणि नकाशा घेतलेला माणूस दिसला, की तो रस्ता रुंद करायलाच आलेला असतो, हे तिथं सगळ्यांना पाठ. बघता बघता दहा-बारा जण गोळा झाले. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा वाकून म्हणाला, "साहेब, आमची विहीर कुठं आली ह्याच्यात? जाते का राह्यते?" साडू इमानदारीनं म्हणाले, "विहीर न्हाई, बाबा. पाण्याची टाकी आहे, ही इथं." "टाकी सरकारी का?" मी हसू दाबून खरं काय ते सांगितलं, की हे आकाशात जाणारं घर आहे, दोन पिढ्या माणसं यातच राहतील, यातच लेकरं होतील. निम्मी मंडळी वैतागून निघून गेली. म्हातारा मात्र हलला नाही. खोली-खोलीवर बोट फिरवून त्यानं सगळं यान बघितलं आणि विचारलं, "एवढं मोठं घर बांधलं, अन् पाव्हण्याला बाज कुठंय?"

साडूंचा चहा निवला. पुढे कार्यातही ते जेवले का नाही मला आठवत नाही. परतूरला गेले आणि दोन दिवसांत चिन्ह तयार : चौकोन, त्यात दोरीच्या विणीच्या दोन तिरप्या रेघा, आणि उशाशी एक बारका गोल. तो गोल म्हणजे पाण्याचा तांब्या.

मग गोतावळ्यात तक्त्याची चर्चा झाली. साडू मराठीत लिहायचे, मोबाइल त्याचं इंग्रजी करायचा, आणि काय चमत्कार, चौसष्टच्या चौसष्ट चिन्हं लोकांना पटली. तक्ता सगळ्यांनी वापरायचा, आणि खाली करणाऱ्याचं पूर्ण नाव छापायचं असं ठरत आलं. साडूंनी मला तीनदा फोन करून विचारलं, इंग्रजीत नाव लिहिताना वडलांचं नाव मध्ये घ्यावं का. अडलं ते फक्त पासष्टाव्यावर. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईनं लिहिलं, की दोन ताऱ्यांच्या मध्ये चाललेल्या यानात पाहुणा येणार कुठून? आणि बाज म्हणजे पलंगच की. एका वस्तूला दोन चिन्हं, हे तर तुमच्याच नियमाच्या विरुद्ध. तेवढं एक गाळा, बाकी तक्ता मंजूर.

बाईचं बिलकुल बरोबर होतं. मी मुद्दाम परतूरला गेलो आणि समजावलं, "साडूभाऊ, एका बाजेसाठी कशाला हट्ट? द्या सोडून. नाव लागून राह्यलंय तुमचं!" ते बराच वेळ पट्टी पुसत बसले. मग म्हणाले, "पलंगावर घरचं माणूस झोपतं, पाव्हणं. ही बाज रिकामी ठेवायची असते. कोणी येवो न येवो. मंग ती वस्तू एक कशी झाली?" मी मदतीसाठी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला नका विचारू. पण ह्या माणसानं उभ्या जन्मात एका साहेबाला न्हाई म्हणलेलं न्हाई. एकदा म्हणू द्या."

आणि ते 'न्हाई' म्हणाले. दुसऱ्या कुणाचा तक्ता मंजूर झाला. साडूंनी आपला तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला आणि त्यानंतर यानाचा विषय काढला नाही. आमच्याकडे आले तरी टेप खिशातच राहायचा. खरं सांगतो, त्यांनी टेप काढावा म्हणून मी मुद्दाम एक नवीन स्टूल आणून ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या बायकोला त्यांची काळजी वाटायला लागली, आणि मलाही.

सहाएक महिन्यांनी फोन आला. "पाव्हणं, जल्दी या." घाबरून गेलो, तर साडू दारातच उभे, हातात झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला मोठा कागद. त्या थंड देशातल्या बाईनं नवीन यान काढलं होतं. पलंग, टेबलं, कपाटं सगळी त्या दुसऱ्याच्या तक्त्याप्रमाणे. पण बाहेरच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला एक चौकोन होता, त्यात विणीच्या दोन तिरप्या रेघा. मी कागदाचे चारही कोपरे धुंडाळले. "तुमचं नाव कुठंच न्हाई हो ह्याच्यात."

"बाज आहे ना," ते म्हणाले. मग लगेच चष्मा वर सारून कुरकुरले, "फक्त दार आत उघडून राह्यलंय. बाजेच्या पायाला लागंल. कळवावं लागंल तिला." खिशातून टेप निघाला, कागदावर टेकला, आणि बोट उशाशी काढलेल्या बारक्या गोलावर येऊन थांबलं. "पाव्हणं, तिनं तांब्यासुद्धा काढलाय."

'द्या सोडून' म्हणालो होतो त्याची मला तेव्हा फार लाज वाटली. ते यान कधी बांधलं जायचं नाही, कुठं जायचं नाही, हे मला कळतं. तरी परतीच्या बसमध्ये मनात येत राहिलं, की कधी काळी वाट चुकून आपण त्याच्या दाराशी जाऊन उभे राहिलोच, तर आतलं कुणीतरी 'या, बसा' म्हणेल.