सांगलीला ठेवून आलेला माइक

विकणारा ज्या वस्तूचं कौतुक करतो ती सोडायची आणि जिच्याबद्दल तो गप्प राहतो ती उचलायची, हा माझा नियम. या नियमावर मी साताऱ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान उभं केलं, कोणाच्या बापाची मदत न घेता. नियमानं मला एकदाच गोत्यात आणलं. त्याचा दोष मी आजही नियमाला देत नाही. सांगलीच्या एका म्हाताऱ्याला देतो.

कॅसेटींचा जमाना होता. दुकानाच्या जोडीला मी घरी रेकॉर्डिंग करायचो. घरी म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीत. एक टू-इन-वन, मंडपवाल्याकडून आणलेला लाऊडस्पीकरचा जुना माइक आणि खिडकीला पोतं, एवढाच स्टुडिओ. साड्यांच्या सेलची रिक्षावरून फिरवायची जाहिरात त्यावर छान निघायची, कारण ती ऐकायला कोणी थांबत नसे.

मग औंधाकडच्या एका गावाचं भजनी मंडळ आलं. त्यांचे बुवा फौजेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी स्टोअरला माल तपासण्यात गेलेली, त्यामुळे माझ्या घरची खुर्चीसुद्धा ते हलवून बघून मग बसले. यमाईच्या यात्रेत विकायला त्यांना कॅसेट हवी होती. मी काढलेला नमुना त्यांनी ऐकला.

"आवं, डब्यात बसून गायल्यागत वाटतंय की."

"घरी ऐका, बरं वाटेल."

"घरी आमी रोजच गातोय. तुमी आवाज नीट धरला तर आमच्या मागं आणखी तीन मंडळं हायती. न्हाई तर कोल्हापूर काय लांब न्हाई."

तीन मंडळं मिळाली तर मोटारींचं वायंडिंग एका माणसावर सोपवून मी हेच काम करू शकलो असतो. गेली तर आयुष्यभर रिक्षा आणि साड्यांचे सेल. नवं सामान घ्यायची ऐपत नव्हती. तेवढ्यात एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की सांगलीत एक म्हातारा रेकॉर्डिंगचं सामान विकायला काढतोय. मी दुसऱ्या दिवशी एसटी पकडली.

म्हातारा गणपतीच्या देवळामागं राहायचा. शाळामास्तर होता आणि नाट्यसंगीताच्या घरगुती बैठका हौसेनं टेप करायचा. आता ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून सामान विकायला काढलेलं. टेबलावर दोन वस्तू होत्या. एक मिक्सर, बारा बटणांचा, वर हलणारे दोन काटे आणि हिरवा दिवा. दुसरा फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला बुटका माइक, त्याला एका अंगाला पोचा.

"मिक्सर राहू द्या," म्हातारा म्हणाला. "माइक न्या. आवाज माइक पकडतो, मिक्सर नुसता पुढं ढकलतो. पैसे थोडे असतील तर एकटा माइकच न्या."

मी लगेच सावध झालो. "हा पोचा कसला?"

"माझ्याच हातून पडला. आवाजाला काही झालेलं नाही."

"असल्या डब्याला दोनशे रुपये कोणी देणार नाही."

मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे हे शेजारीही ऐकू गेलं असणार. म्हातारा हसला आणि त्यानं माइक पुन्हा फडक्यात गुंडाळला. मिक्सरच्या बाजूनं तो चकार शब्द बोलला नाही. म्हणजे खरा माल तोच. तासभर घासाघीस करून मी मिक्सर जवळजवळ निम्म्यात पदरात पाडला आणि तो मांडीवर, त्याचं रिकामं खोकं पायाशी घेऊन साताऱ्याला आलो. कराडच्या स्टँडवर लोक बघत होते. मला ते आवडलं.

खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला. बायकोनं ट्रंकेतल्या सगळ्या गोधड्या दिल्या, त्या खिळ्यांना टांगल्या. रात्री कुठं झोपायचं, हे तिनं विचारलं नाही, पण बघितलं तसंच. मंडळ आलं, गोल करून बसलं, जुना माइक मध्ये ठेवला आणि मी हेडफोन चढवला. आधी आवाज डब्यातून यायचा. आता तो डबा मला बारा बटणांनी कमी-जास्त करता येत होता.

बुवांनी ऐकलं. "डबा मोठा झाला जनू," म्हणाले. यात्रेला महिना होता. आठ दिवसांनी पुन्हा येतो, एवढं बोलून ते गेले.

"म्हातारा खरं बोलला असेल, असं नाही वाटलं तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"विकणारा खरं कशाला बोलेल?"

"अहो, तो एकटा माइकच न्या म्हणाला ना? खपवायचंच असतं तर महागडा मिक्सर नसता का गळ्यात मारला?"

मी मिक्सरच्या रिकाम्या खोक्याला लाथ घातली. ते खोकं तिनं भांडी ठेवायला घेतलं.

पुन्हा सांगली. बरोबर पावशेर कंदी पेढे, आणि मनात पूर्ण तयारी. तीनशेपासून सुरुवात करायची, मध्ये एकदा उठून दारापर्यंत जायचं, आणि अगदीच अडलं तर आठशेला थांबायचं.

"मला साखर आहे," म्हातारा पेढे बघून म्हणाला. "शेजारी देईन." पुडा त्यानं फडताळात ठेवला आणि माइक काढला. "तुम्ही दोनशे म्हणाला होतात ना?"

"दोनशेला कोणी घेणार नाही, असं म्हणालो होतो."

"तेच. कोणी घेतला नाही. द्या दोनशे."

मी दिले. तीन तास एसटीत जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन परत निघालो. त्याला पैशांची गरज होती, हे घराकडं बघून कळत होतं. निदान अडीचशे तरी म्हणायचं. माझाच आकडा असा माझ्या हातावर ठेवणं, याला मी व्यवहार म्हणत नाही.

ठरल्याप्रमाणे मंडळ आलं आणि नव्या माइकवर रेकॉर्डिंग झालं. बुवांनी हेडफोन लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "ह्यो माजा आवाज हाय व्हय?" एवढंच बोलले. मग सावरले आणि त्यांनी मला द्यायचा दर सांगितला. एरवी तो ऐकून मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं असतं. पण सांगलीच्या दोनशेंनी माझी घासाघिशीची सवयच मोडली होती. मी म्हणालो, "ठीक आहे."

"लगीच?"

"लगेच."

बुवांचा चेहरा पडला; इतक्या झटकन होकार, म्हणजे मालात खोट असणार. त्यांनी खुर्ची पुन्हा एकदा हलवून बघितली आणि बसले. "पयल्यापासनं लावा."

पहिली बाजू झाली. चहा झाला. दुसरी बाजू लागली, पुन्हा चहा झाला. त्यांच्या तोंडावर कोल्हापूरची गाडी मला स्पष्ट दिसत होती. तिसऱ्या अभंगाला त्यांनी हात वर केला.

"थांबा. मागं घ्या. मृदंगाच्या मागं काय हाय?"

शेजारणीचा कुकर होता. एकच शिट्टी, बारीक, पण नव्या माइकनं ती चोख पकडली होती.

"शिट्टी हाय," बुवा म्हणाले.

"आहे."

"तरीच." त्यांचा जीव भांड्यात पडला. ठरल्या रकमेतले पन्नास त्यांनी कापले, आणि तिथंच बाकीच्या तिन्ही मंडळांच्या कामाचा आगाऊ विसार काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

त्या म्हाताऱ्यानं माइकची अशी एखादी खोट पहिल्याच दिवशी मला दाखवली असती, तर माझी एक फेरी वाचली असती. एक पोचा होता, तोही त्यानं माझ्याच हातून पडला म्हणून स्वतःच्या अंगावर घेतला. पेढे मात्र ठेवून घेतले, हे मी विसरलेलो नाही.