बंदीतला ताजा मासा

नारळी पौर्णिमेला अजून पंधरवडा होता. मासेमारीला बंदी, आमच्या मोरा बंदरातल्या होड्या काठावर ओढलेल्या, आणि मी आईला पनवेलच्या नव्या मॉलमध्ये सुशी खायला, म्हणजे चक्क कच्चा मासा खायला, घेऊन आलो होतो. आई तीस वर्षं पनवेलच्याच बाजारात मासे विकत होती. बंदीच्या दिवसांत सुकट आणि सुके बोंबील घेऊन बसायची.

मला तिला तिथून उठवायचं होतं. माझं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीकडच्यांना मी ‘आई घरीच असते’ असं ठोकून दिलं होतं. ते घर बघायला यायच्या आत तिनं बाजार सोडला, की माझं खोटं पचणार होतं. घरी विषय काढला असता तर तिनं मला उभा चिरला असता. जपानी हॉटेलात, चार लोकांसमोर, ती आवाज चढवणार नाही, असा माझा डाव.

ती आल्यापासून संशयानं बघत होती. आधी माझ्याकडे, मग ताटलीकडे. भाताच्या मुटक्यांवर नारिंगी तुकडे होते. तिनं एक तुकडा भातावरून सोलून काढला, अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला. शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या. माझे कान तापले.

“एकदम ताजं आहे, मॅडम,” वेटर म्हणाला.

“बंदीत ताजं कुठनं? याचं डोकं दाखव मना. कल्ले बघितल्याबिगर आमी मासा घेत नाय.”

हा मासा परदेशातून बर्फात, विमानानं येतो, असं त्यानं अदबीनं सांगितलं.

“म्हंजे शिळा,” आई म्हणाली.

तो गेल्यावर मी घसा खाकरला. “आई, आता वय झालं तुझं. किती दिवस बसणार बाजारात?”

“म्हणून आणलंस मना हितं?”

“तुझ्या तब्येतीसाठीच म्हणतोय गं.” इतकं गुळगुळीत बोललो, की माझाच मला राग आला.

तिनं कागदी रुमालानं एकेक बोट पुसलं. मग म्हणाली, “तुझी होणारी सासू आलती बाजारात, रविवारी. सुकट घेतली. मंग मोबाईलवर तुझा फोटू दाखवला. बोलली, यो पोरगा तुमचाच ना? तो तं सांगतो, आई घरीच असते.”

कुणी सांगितलं असेल त्यांना? मुलीनं? बाजारातल्या कुणी? “मग? तू काय म्हणालीस?”

“मी बोलली, नाय. मना पोरच नाय.”

मी हुश्श केलं, अगदी ऐकू जाईल असं. आई माझ्याकडेच बघत होती.