मेंदी कॉलनीची माती

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. कॉलनीची मेंदी मीच मारली.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीचं नावच मुळी विलायती मेंदीच्या कुंपणावरून पडलेलं. मला मात्र तिथं गाडी लावायची होती. ती तोडायला सांगितली, तर कॉलनीचे माळीकाका म्हणाले, "तोडणार नाय, साहेब. उद्या कमानीवरलं नावबी पुसाल!" टोमणा झोंबला. वाळूजच्या कारखान्यातून जळकं तेल आणलं आणि भर दुपारी मुळांत ओतलं.

मेंदी वाळली. मीटिंगमध्ये सगळे काकांवर तुटून पडले. पाणी घालत नाही, कामचोर आहे म्हणाले. काकांनी मूठभर माती माझ्यापुढं धरली. "तुम्ही इंजिनियर. वास घ्या अन् सांगा, तेल हाय का नाय?"

मी वास घेतला. "नाही येत," म्हणालो. बाकीच्या शहाण्यांपैकी एकानंही ती माती नाकाला लावली नाही. काकांना त्याच दिवशी काढलं.

आज तिथं माझी गाडी उभी असते, आणि कमानीवर निर्लज्जपणे 'मेंदी कॉलनी' लिहिलेलं आहे. वाचलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. त्या मातीला तेलाचा वास येत होता. काकांना बोलावून, त्याच लोकांसमोर हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.