दादांचं आमेन

आमच्या सासूबाई देवमाणूस होत्या. मी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला धक्का बसायला नको.

आम्ही सांगलीकडचे ख्रिस्ती. चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप वगैरे भानगड नाही. मंडळीतून निवडलेली माणसं पाळकांबरोबर कारभार बघतात, त्यांना 'वडील' म्हणतात. सासरे नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले तेव्हा घणसोली गावात आगरी मालकिणीची खोली भाड्याने घेतली होती. खोली केवढी, तर पाय पसरले की भिंत. तरी आईंच्या दारातून (सासूबाईंना मी आईच म्हणायचे) कुणी उपाशी गेलं नाही. कारखान्यातली एकटी राहणारी पोरं रविवारी चर्च सुटलं की सरळ जेवायला यायची. काही तर चर्चला न जाताच यायची. आई म्हणायच्या, "भूक काय बाप्तिस्मा विचारून लागते?" मालकीण बाळंतपणानंतर तापाने पडली, तेव्हा तिचं पोर आईंनी स्वतःच्या पोरांबरोबर सांभाळलं. ती म्हातारी मला अजून सांगते, "तुजे सासूचा देव येगला, पन मानूस आमचाच व्हता."

अशा बाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं. तोवर आम्ही सेक्टरातल्या फ्लॅटमध्ये आलो होतो, आणि आतली खोली त्यांची झाली.

थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, उरणजवळ द्रोणागिरीला गोदामांच्या धंद्यात. चर्चमध्ये वडील. दर रविवारी कडक इस्त्रीत चर्चला हजर. तिथून आमचं घर चार पावलांवर, पण एकदाही जिना चढले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "आईला आम्ही रोज प्रार्थनेत धरतो." धरा हो. बेडपॅन धरायला मी आहेच.

आईंची कवळी आठवडाभर वाटीत पडलेली असायची. हिरड्यांना टोचायची. पण रविवारी सकाळी त्या ती मागून घ्यायच्या. "अगं, दादा आला तर त्याला बोळकं दाखवू का?" मग दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसायच्या. संध्याकाळी कवळी काढताना हिरडीला रक्त असायचं. त्या म्हणायच्या, "दमला असेल लेकरू." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण त्यांच्यासमोर दादांबद्दल अवाक्षर काढायची सोय नव्हती. तोंड फिरवून घ्यायच्या आणि मग जेवायच्याही नाहीत.

आई गेल्या. दादांनी सोसायटीच्या हॉलमध्ये स्मरणार्थ उपासना ठेवली. आईंचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स, त्याखाली दादांच्या कुटुंबाचा फोटो. चर्चची अख्खी मंडळी आली होती. घणसोली गावातली मालकीणसुद्धा काठी टेकत आली होती. दादा उभे राहिले आणि रुमाल काढून बोलायला लागले. "शेवटच्या दिवसांत आईचं अंग मी पुसलं. माझ्या हातून पेज घेतल्याशिवाय आई झोपायची नाही. ही सेवा देवाने मला दिली."

बायका डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेब मान हलवत होते. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर हे चपलांकडे बघत होते. हे असंच राहणार होतं. मंडळीत आईंचं नाव निघालं की दादांची पेज आठवणार होती, आणि आईंनी वाट पाहिली हे कुणाला कळणारच नव्हतं. एवढं खोटं माती टाकून वर सारवलेलं मला सहन होणार नव्हतं. पण भर उपासनेत उभं राहून चर्चच्या वडिलांना खोटं पाडायचं, तर मलाच हॉलबाहेर काढतील.

तेवढ्यात पाळक म्हणाले, "ज्यांना प्रार्थनेत भाग घ्यायचा असेल त्यांनी घ्यावा."

आमच्यात प्रार्थना चालू असली की सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि मध्ये कुणी बोलत नाही. काही झालं तरी नाही. मी उठले.

"दयाळू बापा, तू सगळं पाहतोस म्हणून तुझे उपकार मानते. आईंची पेज कोण भरवत होतं हे तू पाहिलंस. पाठीला जखमा कुठे होत्या, हे दादांना माहीत नाही, कारण ते त्या खोलीत एकदाही आले नाहीत. पण तुला माहीत आहे. दर रविवारी आई कवळी लावून दाराकडे बघत बसायच्या, हिरडीतून रक्त यायचं, तरी काढू द्यायच्या नाहीत. बापा, आत्ता इथे जे सांगितलं गेलं ते तूही ऐकलंस. त्याचा हिशोब तू घे. येशूच्या नावाने मागते."

मंडळी आमेन म्हणाली. सवयच ती. दादांचं आमेन मात्र आलं नाही. मी डोळे उघडले नाहीत, बसलेही नाही. उभी राहिले. चर्चचे वडील ते, प्रार्थनेला आमेन म्हटलं नाही तर कसं चालेल. शेवटी आलं त्यांचं, अगदी बारीक, घशातून ओढून काढल्यासारखं.

चहाच्या वेळी ते माझ्यासमोर आले. "हे तू बरं नाही केलंस."

"मी तुमच्याशी बोललेच नाही, दादा. मी देवाशी बोलत होते."

मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला नाताळालासुद्धा होत नाही.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "आईला हे आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," मी म्हणाले. "म्हणून तर त्या जाईपर्यंत थांबले."